टीव्हीच्या किमतीशेजारी पॅनलची किंमतही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दसऱ्यापासून तुमच्या पेपरात रोज टीव्हीची जाहिरात आहे आणि गेल्या रविवारच्या पुरवणीत 'दिवाळीत कोणता टीव्ही घ्याल' असा लेखही आला. तो मी दोनदा वाचला कारण आमच्या घरात सध्या तोच विषय चालू आहे. लेखात फोरके आहे, एचडीआर आहे, हर्ट्झ आहेत, स्पीकर किती वॅटचे ते आहे, महिन्याला हप्ता किती बसेल तेही आहे. पण टीव्ही घरी आल्यावर दोन-तीन वर्षांनी काय होतं, बंद पडला तर दुरुस्तीला किती लागतात, कोण करून देतं, ह्यावर एक ओळ नाही. ज्यांनी टीव्ही घेतलेत अशा दहा घरांत विचारलं असतं तर लोक सगळ्यात आधी हेच बोलले असते. म्हणून हे पत्र लिहिते आहे, थोडं मोठं झालंय, जागा नसेल तर बाकीचं काढा पण पॅनलचं, म्हणजे टीव्हीच्या पडद्याचं, तेवढं ठेवा.

मी कराडला राहते. जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षं शिकवलं, आता निवृत्त आहे. घरी आम्ही दोघं आणि सासूबाई, त्यांचं वय ८३. गुडघ्यांमुळे त्या जिना उतरत नाहीत, त्यामुळे त्यांचा दिवस म्हणजे सकाळी देवघर, दुपारी खिडकी आणि संध्याकाळी साडेसहापासून टीव्ही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावरही त्यांना बारीक अक्षर दिसत नव्हतं, खाली पळणारी बातम्यांची पट्टी त्या मला वाचायला लावायच्या, म्हणून आम्ही २०२३ च्या दसऱ्याला ३२ इंची बाजूला करून ४३ इंची घेतला. गावातल्याच दुकानातून, पक्कं बिल घेऊन, २७,४९० रुपये रोख. वॉरंटी एक वर्षाची. दुकानदार वाढीव वॉरंटी देत होता २,४०० रुपयांत, ह्यांनी नको म्हटलं, आणि त्याला कारण होतं, आमचा १९९६ सालचा मागे पोट असलेला २१ इंची टीव्ही १९ वर्षं चालला होता. त्या १९ वर्षांत तो पाच-सहा वेळा बिघडला असेल, पण दरवेळी दुरुस्तीवाले काका घरी यायचे, मागचं झाकण काढून ब्रशने धूळ झाडायचे, काहीतरी डाग द्यायचे आणि शंभर-दोनशे रुपये घेऊन चहा पिऊन जायचे. टीव्ही बिघडला तर दुरुस्त होतो हे आम्हाला इतकं पक्कं माहीत होतं की वेगळं विचारायचं डोक्यातच आलं नाही.

२०२४ च्या डिसेंबरमध्ये, म्हणजे बरोबर १४ महिन्यांनी, एका संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या, "अगं ह्या बाईच्या तोंडावर ही रेघ कशाची आली?" बघितलं तर वरपासून खालपर्यंत एक उभी हिरवी रेघ. बंद करून चालू केलं, तशीच. आठ दिवसांत तिच्या शेजारी अजून दोन आल्या आणि पुढच्या आठवड्यात उजवीकडचा वीतभर भाग काळाच पडला. कंपनीच्या टोल फ्री नंबरवर तक्रार दिली, चार दिवसांनी मुलगा आला, भेटीचे ४७२ रुपये आधी घेतले, पाच मिनिटं बघून म्हणाला पॅनल गेलं. मी विचारलं किती लागतील, त्याने मोबाईलवर बघून सांगितलं २१,३००, बसवायचे वेगळे. टीव्ही २७,४९० चा आणि त्याचा पडदा २१,३०० चा. माझा चेहरा बघून तो बिचारा हळूच म्हणाला, "ताई, त्यापेक्षा नवीनच घ्या."

हे वाक्य मी गेल्या दहा महिन्यांत किती जणांकडून ऐकलं त्याला मोजदाद नाही. आमच्या सोसायटीत, नात्यात, माझ्या जुन्या शाळेतल्या शिक्षकांमध्ये, जिथे विषय काढला तिथे कोणी ना कोणी म्हणालंच की आमच्याकडेही तसंच झालं आणि आम्हालाही नवीनच घ्या म्हणाले. कोणाचा १८ महिन्यांत गेला, कोणाचा तीन वर्षांत. आठ-नऊ वर्षं बिनतक्रार चालणारेही आहेत, ते नाही म्हणत मी, आमचा स्वतःचा २०१५ चा ३२ इंची आजही चालू आहे आणि सासूबाई सध्या त्याच्यावरच बघतायत. पण गेला की तो कोणत्याही किमतीचा असो, घरातल्या माणसाला काय वाटतं ते मी सांगते, फसवलं गेल्यासारखं वाटतं. चूक आपली नाही, मुद्दाम कोणी काही केलंय असंही नाही, तरीपण.

माझ्या बहिणीच्या मुलाचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. आधी तो कंपनीकडेच नेऊ म्हणाला होता कारण पॅनलचं काम त्याच्याकडे होत नाही, पण त्याने मला टीव्ही उघडून दाखवला आणि मास्तरीण असल्यामुळे मी वहीत लिहून घेतलं. आपल्याला वाटतं टीव्हीत खूप काही असेल, तर तसं नाही. एक पॉवर सप्लायचं सर्किट, एक मेन बोर्ड ज्याला केबल वगैरे लागते, एक टी-कॉन म्हणजे पॅनलला चित्र कसं काढायचं ते सांगणारं सर्किट, मागे प्रकाश देणाऱ्या एलईडीच्या पट्ट्या, आणि पुढे काचेचं पॅनल. एलईडी टीव्ही म्हणतात तो खरा एलसीडीच, फक्त मागचा उजेड एलईडीचा असतो म्हणून ते नाव. पूर्वीच्या एलसीडीत त्याच जागी बारीक ट्यूबलाइटसारख्या नळ्या असायच्या. आता ह्यातलं पॉवर सप्लाय, मेन बोर्ड, पट्ट्या, हे सगळं हजार-दोन-तीन हजारांत होतं. पॅनल होत नाही. कारण बहुतेक टीव्हींची इथे फक्त जुळणी होते, पॅनलचा मुख्य काचेचा भाग, ज्याला ते लोक ओपन सेल म्हणतात, तो बाहेरून येतो, जास्त करून चीनमधून, आणि टीव्हीच्या किमतीचा सगळ्यात मोठा वाटा त्याचाच असतो. त्या काचेच्या कडेला फिल्मसारख्या पातळ रिबिनी चिकटवलेल्या असतात, त्यांच्यावर बारीक आयसी, म्हणजे चिप. ती चिकटवणी सुटली किंवा आयसी गेला की उभ्या रेघा. ती परत चिकटवायचं मशीन असतं, त्याला बाँडिंग म्हणतात, पुण्या-मुंबईला करून देतात, पण तिथे नेताना काच फुटली तर जबाबदारी आपली आणि करून आणलं तरी किती दिवस टिकेल ह्याची खात्री कोणी देत नाही.

भाच्याने सांगितलेल्या दोन गोष्टी मात्र सगळ्यांना कळायला हव्यात असं मला मनापासून वाटतं.

पहिली. आवाज येतोय पण चित्र नाही, स्क्रीन काळी, असं झालं तर लगेच पॅनल गेलं समजू नका. खोलीत अंधार करा आणि मोबाईलचा टॉर्च स्क्रीनच्या अगदी जवळ तिरका धरून बघा. अंधुक चित्र हलताना दिसलं तर पॅनल धडधाकट आहे, फक्त मागची एलईडीची पट्टी गेलीय किंवा तिला वीज मिळत नाहीये. आमच्या खालच्या मजल्यावरच्या वहिनींना त्यांच्या दुरुस्तीवाल्याने पॅनल गेलं असं सांगितलं होतं, त्यांनी टीव्ही भंगारात काढायला जिन्याखाली ठेवला होता, मी भाच्याला बोलावलं, त्याने टॉर्च मारला, तीन पट्ट्या बदलल्या, १,८०० रुपये झाले आणि टीव्ही आज सव्वा वर्ष झालं चालू आहे. त्या १६ हजारांचा नवीन घ्यायला निघाल्या होत्या, तेही मुलाच्या फीच्या पैशातून. पट्ट्या लवकर का जातात तर दुकानात टीव्ही झगमगीत दिसावा म्हणून ठेवलेला मोड घरी आल्यावरही तसाच राहतो, बॅकलाइट, म्हणजे मागचा उजेड, शंभरावर, आणि दिवसाला आठ-आठ तास चालू. सेटिंगमध्ये जाऊन दुकानाचा मोड बदलून घरचा करायचा आणि बॅकलाइट साठ-सत्तरच्या आसपास आणायची, रात्री तेवढी भरपूर होते, डोळ्यांनाही बरं आणि वीजही कमी. टीव्ही लावायला येणाऱ्या माणसाने हे दोन मिनिटांत करून द्यायला काय हरकत आहे?

दुसरी गोष्ट आत्ता ह्या आठवड्यातच लागणार आहे म्हणून सांगते. दिवाळीची साफसफाई. जळमटं काढताना टीव्हीवर काचेचा स्प्रे मारतात आणि ओल्या फडक्याने पुसतात. पूर्वीच्या टीव्हीची काच म्हणजे खिडकीच्या काचेपेक्षाही जाड होती, चालून जायचं. ह्या टीव्हीला पुढे तशी काच नसतेच, बाहेरून हाताला लागतं ते पॅनलच असतं, आणि स्प्रेचं पाणी ओघळून खालच्या पट्टीत शिरतं, त्या मघाशी सांगितलेल्या रिबिनी बऱ्याच टीव्हींत तिथेच असतात. पाणी लागलं की शॉर्ट. भाचा म्हणतो दिवाळी झाली की त्याच्याकडे असे टीव्ही येतात आणि घरच्या बाईला रडू येत असतं कारण तिला वाटतं आपल्या हाताने गेला. वॉरंटीतही हे बसत नाही, पाणी गेलं म्हणून लिहितात. टीव्ही बंद करा, गार होऊ द्या, कोरडं मऊ फडकं घ्या, हलक्या हाताने पुसा. डाग निघतच नसेल तर फडकं किंचित ओलसर करून, पण स्क्रीनवर काहीही शिंपडायचं नाही. तुमच्या पुरवणीत पानभर टीव्हीच्या लेखात हे चार ओळींत आलं असतं तर किती घरांचे पैसे वाचले असते.

आता इतरांचे अनुभव, जे मला लोकांनी सांगितले. आमच्या समोरच्या काकांनी गेल्या वर्षी सेलमध्ये ऑनलाइन ५५ इंची मागवला. खोका नीट आला, कुठे चेपलेला नाही, मुलगा सही घेऊन गेला, आणि कंपनीचा माणूस येईपर्यंत उघडू नका असं खोक्यावरच लिहिलेलं म्हणून काकांनी उघडला नाही. माणूस पाचव्या दिवशी आला. उघडून चालू केला तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखी तडकलेली काच. विकणारे म्हणाले कंपनीशी बोला, कंपनी म्हणाली ही फुटतूट आहे, वॉरंटीत नाही, विकणाऱ्याशी बोला. काकांनी हार मानली नाही, ते पोस्टातून निवृत्त झालेत, त्यांना कागद करता येतात. १९१५ ह्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, खोक्याचे आणि लावायला आलेल्या माणसाने उघडतानाचे फोटो जोडले, आणि महिनाभराने टीव्ही बदलून मिळाला. ऑनलाइन विकणाऱ्यांसाठी २०२० पासून नियम आहे की तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची आणि महिन्याच्या आत ती सोडवायची, पण नियम सांगितल्याशिवाय कोणी हललं नाही असं काका म्हणतात. हल्ली खोका समोर उघडून दाखवून देण्याची सोय असते, ती असेल तर तीच निवडावी आणि उघडताना सलग व्हिडिओ काढावा, टीव्ही चालू होऊन पूर्ण पांढरा पडदा दिसेपर्यंत.

माझ्या जाऊबाईंचं माहेर रत्नागिरीकडचं, त्यांचे भाऊ दुबईला असतात. तिकडे टीव्ही स्वस्त मिळतो म्हणून एकेकाळी विमानतळावर प्रत्येक गाडीवर एक चपटा खोका असायचा, तेव्हा ३५,००० पर्यंतच्या सामानाला ड्युटी नव्हती. त्यांनीही २०१३ च्या गणपतीला येताना आणला आणि मुंबईला उतरल्यावर कळलं की २६ ऑगस्टपासून फ्लॅट टीव्ही त्या सवलतीतून काढलाय, ड्युटी आणि सेस धरून ३६.०५ टक्के भरा. भरले. इतकं करून दोन वर्षांत त्याचा मेन बोर्ड गेला तर इथल्या सर्व्हिस सेंटरने सांगितलं हे मॉडेल भारतात विकलंच जात नाही, पार्ट येणार नाही. अजूनही तो टीव्ही त्यांच्या माडीवर गोधडीत गुंडाळून ठेवलाय, टाकवत नाही.

माझी पुतणी पुण्याला आहे, तिचा त्रास वेगळा. तिचं पॅनल छान आहे, चित्र सुंदर, पण स्मार्ट टीव्हीतला जो स्मार्ट भाग तो तीन वर्षांत म्हातारा झाला. एक जीबी रॅम, आठ जीबी जागा, ॲप उघडायला मिनिट लागतं, मग एका ॲपने सांगितलं की ह्या टीव्हीवर यापुढे चालणार नाही. तिने शेवटी बाहेरून ॲप चालवणारी स्टिक लावली आणि चालू आहे मस्त. म्हणजे पडदा टिकला की बाकीचं निभावतं, पडदा गेला की बाकीचं सगळं चांगलं असून उपयोग नाही, फिरून मी तिथेच येते.

आमच्याकडे भांड्याला येणाऱ्या मावशींनी भिशीचे पैसे लागल्यावर ३२ इंची घेतला ९,००० ला, रस्त्यावरच्या मंडपातून, खोक्यावर 'ए प्लस ग्रेड पॅनल' असं मोठ्या अक्षरात. सात महिन्यांत बंद. बिल म्हणजे वहीचा कागद, मंडप कधीच उठलेला. मी त्यांना घेऊन फिरले पण कोणाकडे जायचं हेच कळेना. ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे, आणि खराब माल बिलावरच्या मुदतीत, मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत परत न घेणं हीसुद्धा, पण माणूसच सापडत नसेल तर कायदा कोणाला दाखवायचा. त्या मावशींनी मला विचारलं, "बाई, तुम्ही शिकलेल्या, तुम्हाला तरी कळलं असतं का?" खरं उत्तर नाही असंच होतं.

सगळं वाईटच आहे असं वाचणाऱ्याला वाटू नये. आमच्या ४३ इंचीवर सासूबाईंनी पहिल्यांदा पंढरपूरची आषाढीची महापूजा बघितली तेव्हा विठ्ठलाच्या गळ्यातला तुळशीचा हार त्यांना पानापानाने दिसला, त्या उठून जवळ गेल्या आणि स्क्रीनला हात लावून नमस्कार केला. ते मी विसरणार नाही. आणि चित्र एवढं चांगलं यायलाही एक साधी गोष्ट लागली जी आम्हाला २०१५ चा ३२ इंची आणल्यावर कितीतरी वर्षं माहीत नव्हती. सेटटॉप बॉक्सपासून टीव्हीला ती पिवळी-लाल-पांढरी वायर होती. त्या वायरीतून जुन्या पद्धतीचंच चित्र येतं, मग टीव्ही फोरके असो नाहीतर काहीही असो, तोंडं फुगलेली आणि पुसट. एचडी बॉक्स आणि एचडीएमआय वायर लावली की फरक कळतो. नवीन टीव्ही आणून चित्र जुन्यापेक्षा वाईट येतं म्हणणारी जी घरं मी बघितली त्यातल्या बऱ्याच घरांत हीच वायर होती. आवाजाचंही तसंच, टीव्ही पातळ झाला तसे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून बसले, म्हाताऱ्या माणसांना शब्द कळत नाहीत, दुकानात गर्दीत ते लक्षात येत नाही. घेताना बातम्या लावून डोळे मिटून ऐकावं.

किमतीचं थोडक्यात सांगते. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी कमी झाला हे खरं, पण तो ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवर, २८ वरून १८ टक्के. जो टीव्ही कर धरून ४०,००० ला होता तो ३६,८७५ ला यायला हवा, म्हणजे ३,१२५ कमी. ३२ इंचीपर्यंत १ जानेवारी २०१९ पासूनच १८ टक्के आहे, त्याच्यावर आत्ता काही कमी झालेलं नाही, तरी दुकानांत त्याच्यावरही जीएसटी कपातीची पाटी आहे ते मी डोळ्यांनी बघून आले. आणि क्रेडिट कार्डावरचा बिनव्याजी हप्ता म्हणजे व्याज नाही असं नसतं, व्याज लावतात आणि तेवढी सूट आधी देतात, त्या व्याजावरचा जीएसटी आणि प्रोसेसिंग फी आपल्याकडूनच जाते. शून्य टक्के व्याज असं काही नसतं हे रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावलंय.

आता माझं मुख्य म्हणणं.

ह्या दसऱ्याला आम्ही तीन शोरूम फिरलो. प्रत्येक ठिकाणी मी एकच विचारलं, ह्या टीव्हीचं पॅनल वॉरंटीनंतर गेलं तर कितीला पडेल आणि किती वर्षं मिळेल. पहिल्याने सांगितलं, "मॅडम, जात नाही." दुसऱ्याने वाढीव वॉरंटीचा कागद पुढे केला. तिसरीकडचा मुलगा प्रामाणिक होता, म्हणाला आत्तापर्यंत हे कोणी विचारलंच नाही, त्याने माझ्यासमोर कंपनीला फोन लावला, वीस मिनिटं थांबलो आम्ही, उत्तर आलं की सिरीयल नंबर नोंदवल्याशिवाय पार्टची किंमत सांगता येत नाही. म्हणजे आधी विकत घ्या, घरी न्या, नोंदणी करा, मग कळेल. घेणाऱ्याला जी गोष्ट घेण्याआधी कळायला हवी ती घेतल्यावरच कळेल अशी व्यवस्था आहे, आणि हे एका कंपनीचं नाही, सगळीकडे असंच ऐकायला मिळालं.

त्याच टीव्हीवर ताऱ्यांचं लेबल चिकटवलेलं असतं, वर्षाला किती युनिट वीज जळेल त्याचा आकडा त्याच्यावर असतो. वर्षाला पन्नास-शंभर युनिटांचा फरक पडेल म्हणून सरकारने ते लेबल लावायला लावलं, चांगलंच केलं. मग २१,००० रुपयांचा आकडा त्याच्या शेजारी का नको? फ्रान्समध्ये २०२१ पासून टीव्हीच्या किमतीजवळ दहापैकी गुण लिहावे लागले, हा टीव्ही दुरुस्त करायला किती सोपा, पार्ट मिळतात का, पार्टची किंमत काय, ह्या सगळ्याचे मिळून. आपल्याकडेही २४ डिसेंबर २०२२ ला, ग्राहक दिनाच्या दिवशी, दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल केंद्राने सुरू केलंय, पण ते घरी बसून इंटरनेटवर शोधणाऱ्यासाठी. दुकानात उभ्या असलेल्या माणसाला, ज्याच्या खिशात बोनस आहे आणि मागे पोरं ओढतायत, त्याला टीव्हीच्या पुठ्ठ्यावरच दिसलं पाहिजे. ग्राहक कायद्यात मालाचा दर्जा आणि किंमत ह्याची माहिती मिळणं हा हक्क म्हणून लिहिलाय. पॅनलची किंमत ही त्या माहितीत येत नाही का?

कोणी म्हणेल ग्राहक आयोगात जा. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, दोन वर्षांच्या आत करायची, हे सगळं मी वाचून काढलंय. टीव्ही वॉरंटीत असेल, फुटका आला असेल, तर जरूर जावं. पण माझ्यासारख्याचं काय, जिची वॉरंटी दोन महिन्यांपूर्वी संपली? तिथे भांडण कायद्याचं कमी आणि माहितीचं जास्त आहे. मला २०२३ ला काउंटरवर कळलं असतं की ह्याचं पॅनल २१,३०० चं, तर ह्यांनी वाढीव वॉरंटीचे २,४०० दिले असते, किंवा आम्ही पॅनलवर तीन वर्षं देणारी दुसरी कंपनी बघितली असती. ठरवलं असतं आम्हीच, पण कळून ठरवलं असतं.

तुमच्याकडे मागणं एवढंच आहे. जाहिराती बंद करा म्हणत नाही, पेपर त्याच्यावर चालतो हे कळतं. पण पुढच्या वेळी टीव्हीवर लेख कराल तेव्हा तक्त्यात किंमत, इंच, हर्ट्झ ह्यांच्या शेजारी एक रकाना वाढवा, वॉरंटीनंतर पॅनलची किंमत. तुमचा वार्ताहर विचारेल तर कंपनीला उत्तर द्यावं लागेल, मला नाही दिलं तरी. जी देणार नाही तिच्यापुढे 'माहिती दिली नाही' असं छापा. आणि वाचकांकडून मागवा, कोणता आकार, किती साली घेतला, कितीला, किती दिवस चालला, काय गेलं, किती सांगितले. कंपनीची नावं नको असतील तर नका छापू, नुसते आकडे आले तरी घेणाऱ्याला अंदाज येईल.

पहिली नोंद माझी घ्या. ४३ इंची, ऑक्टोबर २०२३, किंमत २७,४९०, चालला १४ महिने, पॅनल गेलं, सांगितलेले २१,३००, दुरुस्त केला नाही, कपाटामागे उभा करून ठेवला आहे.

आपली,
एक वाचक, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, कराड
(नाव छापू नये ही विनंती)